नदीपलीकडचं कपाट

सोमवार, ३ मार्च

आज ट्रकमधून कपाट उतरवताना हमालाच्या पायाचा अंगठा चेचला. दोर सुटला, कपाट तिरकं झालं आणि खालचा कोपरा थेट त्याच्या पायावर आला. चप्पल फाटली, नख बाजूला पडलं. मी हातातलं फडकं करकचून बांधलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, अजून नऊ बोटं आहेत, काम चालेल!" आणि स्वतःच खो खो हसले. हे मात्र पांढरेफटक पडले आणि गाळ्यामागे जाऊन भडाभडा ओकले. ह्यांना रक्त बघवत नाही, हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मला आज कळलं.

माल फार देखणा आहे. एक उंच कपाट, खणांचं टेबल, चार खुर्च्या, एक पलंग आणि आरशाची चौकट, आरसा फुटलेला. भाऊजींनी नदीपलीकडून आणून दोन महिने एका गोदामात ठेवला होता. डिसेंबरात तिकडे दंगल झाली, घरं जाळली, माणसं गेली ती परतली नाहीत. "घाईघाईत विकून गेले बिचारे," भाऊजी म्हणाले. आपल्या बाजूला तेव्हा काहीच झालं नव्हतं. आठवडाभर दूध उशिरा यायचं, एवढंच.

जुन्या फर्निचरचा हा गाळा उघडून महिना झाला. माझी शाळा बंद पडली आणि चित्रकलेच्या बाई घरी बसल्या. मग हे म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे. कुठली वस्तू कुठली, कधीची, कुणी केलेली, ते तू शोध आणि चिठ्ठी लावत जा. गिऱ्हाइकाला खुर्चीबरोबर खुर्चीची गोष्टही हवी असते." म्हणून ही वही घातली आहे. वय सत्तेचाळीस, धंद्याचा अनुभव शून्य. भीती वाटते, पण घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं.

शुक्रवार, ७ मार्च

पॉलिशवाले काका मला शिकवतात. सत्तरी उलटली आहे, बोटं लाखेनं कायमची तपकिरी झाली आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, समोरून सगळेच राजबिंडे असतात. उलटं करून बघा."

म्हणून आज दिवसभर मी फर्निचरच्या पोटाखाली झोपून होते. यंत्राच्या करवतीचे ओरखडे गोलाकार असतात, हातकरवतीचे सरळ. जुन्या स्क्रूची खाच बरोबर मधोमध नसते. गोल टेबल जुनं असेल तर मोजल्यावर किंचित लांबट निघतं, कारण लाकूड आडवं आक्रसतं, उभं नाही. खणाच्या खालच्या कडा झिजलेल्या नसतील तर तो खण कधी उघडलाच गेलेला नाही.

दुपारी भाऊजी एक खुर्ची घेऊन आले. शंभर वर्षांची म्हणे, ही बघा किड्यांनी पाडलेली भोकं. काकांनी टाचणी घातली. सरळ आत गेली. "किडा वाकडातिकडा जातो. हे ड्रिलनं पाडलंय. तुम्हाला गंडवलं." हमाल फिसकन हसला. भाऊजींनी खुर्ची उचलली आणि जमिनीवर आपटली, पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. पाय तुटून भिंतीवर उडाला. मग उरलेली पाठ त्यांनी काकांच्या दिशेनं भिरकावली. काका वेळेवर वाकले म्हणून कानशील वाचलं. पाच मिनिटांनी भाऊजींनीच सगळ्यांसाठी चहा मागवला. त्यांचा राग असाच, उतू जातो आणि खाली बसतो. मनात काही नसतं.

मंगळवार, ११ मार्च

आज मी काहीतरी शोधून काढलं!

नदीपलीकडून आलेला सगळा माल एकाच हातचा आहे. कपाट, टेबल, पलंग, खुर्च्या, सगळं. खणाच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवतात ना, कबुतराच्या शेपटीसारखे दात पाडून, तर प्रत्येक खणात शेवटचा दात बाकीच्यांच्या निम्म्या रुंदीचा आहे. घाईनं नाही, मुद्दाम तसा केलेला. पाय खाली येताना आत वळतात आणि जमिनीला अगदी अलगद टेकतात, जणू कुणी चवड्यावर उभं आहे. आतल्या बाजूला पटाशीचे वार उलट्या बाजूला तिरके आहेत. म्हणजे कारागीर डावखुरा. लाकूड साग, पण जुनं काहीच नाही, दहाबारा वर्षांतलं. मी चिठ्ठीवर लिहिलं: "नदीपलीकडची एकच कार्यशाळा. डावखुरा कारागीर, पन्नाशीच्या पुढचा, शांत स्वभावाचा." शांत स्वभावाचा हे काकांना जास्तीचं वाटलं. मला नाही. माणूस शांत असल्याशिवाय असे दात पडत नाहीत.

कपाट मात्र जखमी आहे. मागच्या फळीवर सात घाव आहेत, रुंद, तिरके, आतलं लाकूड अजून पिवळंधमक. मी लिहिलं, "वाहतुकीत लागलेले घाव." पुढच्या दाराच्या खालच्या कडेपासून पायापर्यंत एक काळपट डाग ओघळला आहे. काकांना वाटलं लोखंडाचा असेल, म्हणून त्यांनी त्यावर औषध लावलं. त्यानं तसे डाग दहा मिनिटांत जातात. हा गेला नाही. काका नाक जवळ नेऊन बराच वेळ बसले. मी विचारलं, "शाई?" ते म्हणाले, "तुम्ही शाई लिहा." मग हात धुतले, पुन्हा धुतले, डबा न उघडताच घरी गेले. वयामुळे हल्ली त्यांना भूक लागत नाही.

ह्यांना कौतुकानं सगळं दाखवायला गेले तर म्हणाले, "पाठ कशाला बघत बसतेस? भिंतीला लावून टाक आणि खपव." कपाटाजवळ आलेही नाहीत. मला वाईट वाटलं. नजर चांगली म्हणणारे हेच ना?

शनिवार, १५ मार्च

मी कपाटाच्या पायाचं आणि त्या निम्म्या दाताचं मोठं चित्र काढून काचेत लावलं. खाली लिहिलं, "या हाताची आणखी कामं कुणाकडे असल्यास कळवावे." चित्र छान उतरलं आहे. येणारीजाणारी माणसं थांबतात.

हे दोन दिवस बाहेरगावी होते. आज दुपारी आले, चित्र पाहिलं आणि काचेवरून ओरबाडून काढलं. चार तुकडे केले. "तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण?" एवढ्या मोठ्यानं की समोरच्या वेल्डरनं मशीन बंद करून पाहिलं. मी म्हटलं, "अहो, जाहिरातच आहे ती." ह्यांनी तुकडे खिशात घातले, कचऱ्यात नाही, खिशात. धंद्याचा ताण आहे. झोपेतही दात खातात.

बुधवार, १९ मार्च

आज एक बाई आली. पस्तिशीची असेल, खांदे रुंद, केस कापलेले. काही न विचारता थेट कपाटापाशी गेली, खाली वाकली आणि खालचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा केला. गिऱ्हाईक असं करत नाही. मी म्हटलं, "तुम्हीही यातल्या दिसता."

"काचेत चित्र होतं म्हणे."

"मी काढलं होतं. डावखुऱ्या कारागिराचं काम आहे. दुर्मीळ हात."

ती माझ्याकडे वळली. "बाबा उजव्या हाताचे होते. डावखुरी मी."

मी तिला बसायला त्याच चारांपैकी एक खुर्ची दिली. ती बसली नाही.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"दिरांनी आणलं. तिकडची माणसं घाईत विकून—"

"आम्ही विकलं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आम्ही हे दाराला लावलं होतं, पाठ दाराकडे करून. दार फोडून कुऱ्हाड या फळीत आली. बाबा या बाजूनं रेटा देऊन उभे होते. मला त्यांनी माळ्यावर चढवलं, फळ्यांच्या मागे. दोघं जण होते. कपाट सरकवून आत आले. एकानं बाबांच्या मानेवर घाव घातला. मग इथे." तिनं स्वतःच्या हातावर, कोपराखाली बोट ठेवलं. "बाबा कपाटाला टेकून बसले. मग बसलेच. त्यांना बाजूला ओढून त्या दोघांनी कपाट उचललं. ते अजून गरम असतील, बाबा."

काका कोपऱ्यात पॉलिशचा बोळा हातात धरून तसेच उभे होते.

"तोंडं पाहिलीत?" काकांनी विचारलं.

"कुऱ्हाडवाल्याचं पाहिलं. वरून. दुसरा सगळा वेळ दार धरून उभा होता, कोणी आत येऊ नये म्हणून. त्याची फक्त पाठ."

मी तिला पाणी देऊ केलं, तिनं घेतलं नाही. मी म्हटलं, "दिरांनाही कोणीतरी फसवलं असणार. त्यांनी कुणाकडून घेतलं ते मी विचारून सांगते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. शाळेत वर्गात एखाद्या मुलीला साधी सरळ रेघ काढता येत नसली की मी असं पाहायचे.

"विचारा," ती म्हणाली आणि गेली.

गुरुवार, २० मार्च

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं विचारतील, काय झालं तिच्या वडलांचं. त्यांनी विचारलं, "कुठे राहते ती? एकटीच आली होती?"

अर्ध्या तासात भाऊजी हजर. ते म्हणाले, कोणीतरी लुटीचा माल आपल्या गळ्यात मारला, आता नसती भानगड नको, सगळा फोडून जळणात देऊ. मी म्हटलं, मग पोलिसांनाच सांगू ना, आपण तर फसलो आहोत. भाऊजी हसले. "वहिनी, तुम्ही चिठ्ठ्या लिहा."

त्यांचं म्हणणं मला पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. काकांना सांगितलं तर त्यांनी इतकंच विचारलं, "बाई, माल आणायला दोघे भाऊच गेले होते ना?" मी उत्तर दिलं नाही. इथेही लिहीत नाही.

रविवार, ३० मार्च

हॉस्पिटल. डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं. उजव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, नाहीत. डॉक्टर म्हणाले, चित्र काढता येईल. मी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी, एकवीस तारखेला, भर दुपारी भाऊजी कुऱ्हाड घेऊन गाळ्यात आले. हे त्यांच्या मागून आले आणि शटर आतून खाली ओढलं. पहिले दोन घाव टेबलावर. खुर्च्या लाथेनंच गेल्या. पलंगाची पाटी फुटली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. मी आणि काका भिंतीला लागून उभे. मग भाऊजी कपाटाकडे वळले आणि काका मध्ये आले.

"हे राहू द्या," काका म्हणाले. "हा पुरावा आहे."

भाऊजींनी कुऱ्हाड ठेवली. मला वाटलं राग उतरला. त्यांनी खुर्चीचा तुटका पाय उचलला आणि काकांच्या तोंडावर मारला. काका पडले. पडलेल्या माणसाला त्यांनी पुन्हा मारलं, बरगड्यांवर, पाठीवर, पुन्हा तोंडावर, आणि मारताना एक शब्द बोलले नाहीत. मी ओरडत होते, "अहो, आवरा त्यांना! अहो!" हे शटरपाशी उभे होते. दोन्ही हातांनी शटर खाली दाबून धरलं होतं. आमच्याकडे पाठ.

ती पाठ मी पाहिली.

मी ओळखलं. बावीस वर्षं जिच्या शेजारी झोपले ती पाठ मी ओळखली, आणि त्या मुलीनं माळ्यावरून काय पाहिलं तेही कळलं. मी कपाटाला कवटाळलं. एक हात दारावर, एक कडेवर. भाऊजींनी कुऱ्हाड पुन्हा उचलली होती. "वहिनी, व्हा बाजूला." मी नाही झाले. त्यांनी कपाटावरच घाव घातला असेल, मला मारायचं नसेल. हे मी इन्स्पेक्टरबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अजून त्यांची बाजू घेताय?"

दुखलं नाही लगेच. बोटं खाली पडली तेव्हा मला ती खुंट्यांसारखी दिसली.

बाहेरून वेल्डर शटरवर लोखंडी गज बडवत होता. ह्यांनी शटर सोडलं. नुसते हात वर घेतले आणि बाजूला झाले. वेल्डर आणि आणखी चार जण आत घुसले आणि भाऊजींना खाली पाडून इतकं तुडवलं की नंतर पोलिसांनी त्यांनाही इथेच, खालच्या मजल्यावर आणून टाकलं. हातकडी पलंगाला आहे म्हणे.

काकांचा एक डोळा गेला. जबडा तारेनं बांधला आहे. आज मला चाकाच्या खुर्चीवरून त्यांच्याकडे नेलं. बोलता येत नाही, म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं: बाई, कपाट?

मी म्हटलं, "पोलिसांकडे आहे. उभं आहे."

बुधवार, २ एप्रिल

त्या मुलीनं भाऊजींना ओळखलं. सात माणसं उभी केली होती, तिनं एका क्षणात बोट दाखवलं. दुसऱ्या माणसाबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. भाऊजी सांगत नाहीत, भाऊ आहे. ह्यांना पोलिसांनी दोनदा बोलावून सोडलं. माल आणायला गेलो होतो, पण नंतर, सगळं शांत झाल्यावर, असं हे म्हणतात.

आज सकाळी हे डबा घेऊन आले. मऊ भात, स्वतः केलेला. मला भरवायला लागले. चार घास मी खाल्लेही. भूक लागली होती, खोटं कशाला लिहू.

मग मी म्हटलं, "दार तुम्ही धरलं होतंत."

चमचा हवेत राहिला. मग म्हणाले, "मी हात लावला नाही गं कुणाला. मी फक्त दार धरून उभा होतो."

"आतला आवाज ऐकू येत होता?"

"ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं काहीतरी म्हणत होतो."

"काय म्हणत होता?"

"पाढे."

ते रडायला लागले. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघायला लागली. म्हणाले, भावाला नाही म्हणायची हिंमत आयुष्यात कधी झाली नाही. तो म्हणाला चल, मी गेलो. म्हणाले, गाळा तुझ्यासाठी उघडला, तू घरात कुढत होतीस ते बघवत नव्हतं. हे खरं आहे. हेच सगळ्यात वाईट आहे, की हे खरं आहे. म्हणाले, "तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तू गप्प राहिलीस तर पुन्हा सुरू करू. दुसऱ्या गावी."

मी डबा बंद करून त्यांच्या हातात दिला. दुपारभर छताकडे पाहत पडून होते. मनात म्हटलं, त्यांनी खरंच कुणाला हात लावला नाही. मनात म्हटलं, मला कोण आहे दुसरं. मनात बरंच काही म्हटलं.

चार वाजता इन्स्पेक्टरबाई आल्या. "दोघे होते. दुसरा कोण, तुम्हाला काही अंदाज?"

"अंदाज नाही," मी म्हटलं. "माहीत आहे."

मग सगळं सांगितलं. त्या लिहून घेत होत्या तेव्हा खाली अंगणात हे अजून उभे होते, तोच डबा हातात. खिडकीतून दिसत होते. त्यांनी वर पाहून हात हलवला.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

दीड वर्षानं वही काढली. निकाल गुरुवारी लागला. भाऊजींना जन्मठेप, ह्यांना दहा वर्षं. साक्ष देताना ह्यांच्या वकिलानं मला विचारलं की नवऱ्यावर तुमचा काही जुना राग होता का. मी नाही म्हटलं. तेव्हा हे पहिल्यांदा माझ्याकडे बघून ओरडले, घाणेरडं, जे मी लिहिणार नाही. दोन शिपायांनी धरलं. नणंदेनं बाहेर माझ्या तोंडावर थुंकलं. मी पुसलं आणि रिक्षा केली.

काका आता त्यांच्या बहिणीकडे असतात. एका डोळ्यानं पॉलिश करतात आणि तक्रार करतात की आजकालची लाख भेसळीची आहे.

आज सकाळी त्या मुलीचा फोन आला. कपाट कोर्टानं तिला परत दिलं आहे. "येताय?" एवढंच म्हणाली. तिची नवी कार्यशाळा नदीच्या अलीकडेच, गोदामांच्या रांगेत आहे. मला वाटलं दुरुस्तीला मदत हवी असेल. घाव भरायची एक युक्ती मी वाटेत मनात जुळवत होते. पातळ पट्टी कापायची, लाकडाच्या रेषा जुळवून बसवायची.

कपाट अंगणात मधोमध उभं होतं. तिच्या हातात कुऱ्हाड होती.

"अहो, थांबा!" मी म्हटलं. "असे दात पुन्हा कुणाला जमणार नाहीत."

"मला जमतात," ती म्हणाली.

तिनं दारं आधी घेतली. डाव्या खांद्यावरून पूर्ण वळून घाव घालत होती, आणि प्रत्येक घावाला तिच्या घशातून आवाज येत होता, ओरडणं नाही, काहीतरी आतून उपटल्यासारखा. चिरफळ्या उडून एक माझ्या गालाला लागली. दार पडलं. डाग असलेला पाय तिनं दगडावर ठेवून तीनदा तोडला. मी पुढे होऊन म्हटलं, "मी धरू का फळी?"

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिथे उभ्या राहा आणि बघा."

मी उभी राहिले आणि पाहिलं. सगळं पाहिलं. एकदाही मान वळवली नाही. तिचे तळहात फुटले, दांडा लाल झाला, तरी ती थांबली नाही. शेवटी मधली चौकट वाकून जमिनीवर आली तेव्हा ती तिच्यावरच बसली, धापा टाकत, कपाळाचा घाम मनगटानं पुसत.

मग तिनं माझ्याकडे न पाहता हात पुढे केला.

"पाणी द्या."

माठ आत होता. मी भांडं काठोकाठ भरलं आणि तीन बोटांच्या हातानं, एक थेंब न सांडता, तिच्यापर्यंत नेलं.